डॉक्टरांना वाईट बातमी कोण सांगणार?

प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले त्या दिवशी माझ्या हातात एक रबरी शिक्का आणि किल्ल्यांचा जुडगा आला. एमबीबीएस आणि इंटर्नशिप संपवून बंधपत्रित सेवेचा आदेश घेऊन गेले होते, वय चोवीस. आधीचे वैद्यकीय अधिकारी पदव्युत्तर प्रवेश मिळाल्यामुळे महिनाभर आधीच निघून गेले होते. त्यामुळे चार्ज मला कनिष्ठ सहायकांनीच दिला. ‘मॅडम, इथे सही करा, इथेही.’ साठा नोंदवही, हजेरीपट, रुग्णवाहिकेचं लॉगबुक, पगारपत्रक. दुपारपर्यंत हात दुखायला लागला. ज्या कागदांवर सही करत होते ते वाचता येत होते, पण त्यातले निम्मे कळत नव्हते.

साडेपाच वर्षांत मला हृदयाचे ठोके ऐकायला, हाड बसवायला, अडलेली बाई सोडवायला शिकवलं होतं. पण तीस हजार लोकसंख्या, सहा उपकेंद्रं आणि वयाने माझ्या आईवडिलांएवढे असलेले कर्मचारी कसे सांभाळायचे, हे कुठल्याही तासाला कुणी सांगितलं नव्हतं. ते शिकण्यासारखं काही असतं, असं मलाही वाटलं नव्हतं. डॉक्टर म्हणजे साहेब. खुर्चीत बसलं की झालं, अशीच समजूत होती.

दुसऱ्या महिन्यातली गोष्ट. आमच्याकडे लसी ठेवायचा फ्रीज होता, त्याला आयएलआर म्हणतात. आत तापमान २ ते ८ अंशांच्या मध्ये राहायला हवं आणि सकाळ-संध्याकाळ त्याची नोंद व्हायला हवी. एका गुरुवारी मी सहज तक्ता पाहिला, तर शुक्रवार आणि शनिवारच्या चौकटीतही चार-चार अंश भरून ठेवलेले. हे काम एका ज्येष्ठ आरोग्य सहायकांकडे होतं. मी त्यांना ओपीडीच्या रांगेसमोर बोलावलं आणि चांगलंच झापलं. शिस्त लावल्याचं समाधान मला संध्याकाळपर्यंत पुरलं. तक्ता त्यानंतर वेळच्या वेळी भरला जाऊ लागला.

भारनियमनाचे दिवस होते. पावसाळ्यात एका शनिवारी रात्री विजेचा दाब वरखाली झाला आणि आयएलआरचा स्टॅबिलायझर जळाला. रविवार गेला, सोमवारी सुट्टी होती. मंगळवारी सकाळी लसी कॅरिअरमध्ये भरून उपकेंद्रावर गेल्या. तिथल्या सिस्टरांनी पोलिओची बाटली उजेडात धरली. तिच्यावर एक गोल असतो आणि गोलाच्या आत चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होत जातो. तो गोलाच्या रंगाला येऊन भिडला की लस बाद. सिस्टरांनी दुसरी बाटली पाहिली, तिसरी पाहिली, सगळ्या बाटल्या परत झाकून ठेवल्या आणि मला फोन केला. ओढ्याचं पाणी ओलांडून पोरांना कडेवर घेऊन आलेल्या सत्तावीस बाया त्या दिवशी लस न घेता परत गेल्या.

तक्त्यावर रविवारी चार अंश होते, सोमवारीही चारच. मी त्या आरोग्य सहायक काकांना विचारलं, शनिवारीच का नाही सांगितलंत? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘सांगणार होतो मॅडम.’ एवढंच. त्या दोन शब्दांच्या पुढे जे होतं ते मला सगळं ऐकू आलं. काकांची चूक होतीच. पण वाईट बातमी माझ्यापर्यंत यायचा रस्ता मी स्वतः बंद केला होता. गुरुवारी सगळ्यांसमोर.

आज मी एका वैद्यकीय महाविद्यालयात जनऔषधवैद्यकशास्त्र शिकवते आणि ‘डॉक्टरांसाठी नेतृत्व प्रशिक्षण’ हे शब्द दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या परिपत्रकात वाचते. ही कल्पना आपल्याकडे कुठून आली आणि येता येता तिचा अर्थ किती बदलला, हे शोधत गेले, तेव्हा मला तो तक्ता वारंवार आठवत राहिला.

मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झालं. तिथून बाहेर पडलेल्या पहिल्यावहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते. भाऊ दाजींनी दवाखाना चालवला, कुष्ठरोगावर औषध शोधायची धडपड केली, मुलींच्या शिक्षणासाठी झटले, शिलालेख वाचले, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने १८६७ साली प्रार्थना समाज उभा राहिला. त्या काळात डॉक्टरचं नेतृत्व म्हणजे समाजातलं नेतृत्व, हे उघड होतं. ते शिकवावं लागत नव्हतं, कारण ते डॉक्टरीतून येतच नव्हतं. नवी विद्या शिकलेल्या मूठभर माणसांपैकी आपण एक आहोत, या जबाबदारीच्या जाणिवेतून ते आलं होतं. इस्पितळाच्या आत मात्र वरच्या जागा बहुतेक गोऱ्यांच्या आणि हुकूमही त्यांचाच. शहराचं नेतृत्व करणारा डॉक्टर वॉर्डात दुय्यम, अशी ती विचित्र स्थिती होती.

याच काळातला एक माणूस मला फार मोलाचा वाटतो. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागातले रुग्ण पाहून हा प्लेग आहे, हे त्यांनी ओळखलं आणि तसं बोलूनही दाखवलं. बंदरावर जगणाऱ्या शहरात हा शब्द उच्चारणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. जहाजं थांबणार, व्यापार बसणार, माणसं पळणार. निदान चुकलं असतं तर त्यांची प्रॅक्टिस राहिली नसती. व्हिएगस पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले, पण माझ्या लेखी त्यांचं नेतृत्व मांडवीतल्या त्या दिवसातच आहे. वाईट बातमी वेळेवर सांगणारा तो माणूस होता.

इस्पितळाच्या आतलं नेतृत्व आपल्याला मिळालं ते भांडून. १९२६ साली परळला गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम सुरू झालं, तेव्हा देणगीदारांची अटच होती की शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत आणि सरकारी नोकरीतले नसावेत. आम्ही हे चालवू शकतो, हे तिथे सिद्ध झालं. पण विभागप्रमुखाच्या खुर्चीभोवतीचं जे वातावरण होतं, ते खुर्चीबरोबर जसंच्या तसं आपल्याकडे आलं. माणूस बदलला, राऊंड तोच राहिला. पुढे प्रमुख, मागे तीन पावलांवर सहायक, त्यांच्यामागे हाऊसमन आणि सगळ्यांत शेवटी फाइल छातीशी धरलेली सिस्टर.

मग आला भोर समितीचा अहवाल. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ साली चार खंड सादर केले आणि आज आपण ज्याला प्राथमिक आरोग्य केंद्र म्हणतो त्याची रूपरेषा त्यात होती. भावी डॉक्टर हा सामाजिक वैद्य असावा, त्याने रोग व्हायच्या आधीच गावाशी नातं जोडावं, आणि त्यासाठी शिक्षणात तीन महिने सामाजिक वैद्यकाचे असावेत, असा समितीचा आग्रह होता. इतका मोठा विचार आपल्या आरोग्यव्यवस्थेत त्यापूर्वी कुणी मांडला नव्हता. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. केंद्राच्या प्रमुखपदी डॉक्टर बसवला की तो आपोआप नेता होईल. १९५२ पासून केंद्रं उभी राहत गेली, खुर्च्या तयार होत गेल्या. त्या खुर्चीवर बसायला निघालेला मुलगा मात्र शहरातल्या हजार खाटांच्या इस्पितळातच घडत राहिला. १९७५ च्या श्रीवास्तव समितीने ही फट नेमकी दाखवली. १९७७ साली वैद्यकीय शिक्षणाच्या पुनर्रचनेची योजना आली आणि कॉलेजांना आरोग्य केंद्रं जोडून दिली गेली. मुलं गाडीतून खेड्यात जायची आणि संध्याकाळी परत यायची. माझा स्वतःचा विषय त्यातूनच ‘पास होण्यापुरता’ झाला, हे सांगताना मला वाईट वाटतं.

खरा बदल कुठल्याही समितीच्या बाहेर झाला आणि तो आपल्या महाराष्ट्रात झाला, याचा मला अभिमान आहे. १९७० साली रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य जामखेडला आलं. दुष्काळी तालुका. प्रशिक्षित नर्स गावात राहायला तयार नव्हत्या. तेव्हा गावांनीच आपल्यातल्या बाया निवडून दिल्या. त्यातल्या कित्येकींना अक्षरओळख नव्हती, अनेक जणी ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला जाई अशा घरांतल्या. त्या आठवड्याला जामखेडला यायच्या, एकत्र जेवायच्या, झोपायच्या, आणि गावात काय घडलं ते सांगायच्या. डॉक्टर ऐकायचे. कुणाचं मूल गेलं, कुणाला दिवस राहिलेत, कुठली विहीर खराब झाली. डॉक्टरांना जे कळणं शक्य नव्हतं ते या बायांना कळत होतं, आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचायची सोय त्या बैठकीत होती. आरोळे दांपत्याला १९७९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आम्हाला कॉलेजात त्यांच्याबद्दल पाच मार्कांची टीप लिहायला असायची. त्या टिपेत बैठकीचा उल्लेख नसायचा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. ३९ गावांतल्या आरोग्यदूत बायांना नवजात बाळ तपासायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि गरज पडली तर इंजेक्शन द्यायला शिकवलं. इंजेक्शन म्हणजे डॉक्टरच्या अधिकाराची खूण. ती सोडून देणं किती अवघड असतं, हे दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही विचारा. त्या गावांत नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशभर आशाताई घरोघर जाऊन बाळं तपासू लागल्या. आपल्या हातातलं काम दुसऱ्याच्या हातात विश्वासाने देणारा डॉक्टर, ही नेतृत्वाची नवी व्याख्या होती. तिला कुणी नेतृत्व म्हटलं नाही, ही वेगळी गोष्ट.

तिकडे इंग्लंडात ही कल्पना अगदी निराळ्या वाटेने आली. १९८३ साली सरकारने आरोग्यसेवेच्या कारभारावर सल्ला द्यायला रॉय ग्रिफिथ्स यांना बोलावलं. ते सेन्सबरी या किराणा दुकानांच्या साखळीतले अधिकारी. त्यांना मुख्य दोष दिसला तो असा की इथे नेमकं जबाबदार कोण, तेच कळत नाही. मग व्यवस्थापक आले, डॉक्टरांनीही खर्चाचा हिशेब शिकावा असं ठरलं. नेतृत्व म्हणजे व्यवस्थापन, हा अर्थ तिथून जगभर गेला. आजही आपल्याकडच्या बऱ्याच कार्यशाळांत तोच अर्थ चालतो.

त्या अर्थाला धक्का दिला ब्रिस्टलने. तिथल्या इस्पितळात लहान मुलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया व्हायच्या. मुलं जास्त दगावत आहेत, हे स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञाच्या लक्षात आलं. त्याने आकडे जमवले, वरिष्ठांना सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. ऐकलं गेलं नाही. शेवटी तो देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेला. २००१ साली इयन केनेडी यांच्या चौकशीचा अहवाल आला. १९९१ ते १९९५ या काळात तिथे एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं अपेक्षेपेक्षा जास्त दगावली होती. त्या इस्पितळात व्यवस्थापक होते, हुशार शल्यविशारद होते, आकडेसुद्धा होते. खालून आलेली वाईट बातमी वर कुणी ऐकेल, अशी जागा तेवढी नव्हती. हा अहवाल वाचताना मला माझा आयएलआर आठवला. तुलना फार लहान आहे, मला माहीत आहे. पण रोग तोच.

यानंतर नेतृत्वाचा अर्थ झपाट्याने बदलला. २००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. चीर देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं, अशी एक ओळ तिच्यात आहे. पोरखेळ वाटावा अशी. पण ज्याने एकदा आपलं नाव मोठ्याने सांगितलं, तो पुढे ‘सर, थांबा’ म्हणू शकतो. दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आलं. पुढे कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात तशाच याद्या १०१ इस्पितळांत सक्तीने लागू केल्या आणि २०१४ साली छापलेल्या अभ्यासात फारसा फरक दिसला नाही. कागद भरले गेले होते. आमच्या तक्त्यावरच्या चार अंशांसारखे. माणसं बोलली तर यादीचा उपयोग, नुसत्या खुणा केल्या तर नाही.

त्याच कॅनडाने १९९६ साली तज्ज्ञ डॉक्टरच्या सात भूमिका ठरवल्या होत्या. त्यातली एक होती ‘व्यवस्थापक’. २०१५ साली तो शब्द खोडून तिथे ‘नेता’ लिहिला गेला. अधिकारपदावर नसलेल्या डॉक्टरलाही सुधारणेची जबाबदारी असते, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे हा शब्द अधिकृतपणे आला २०१९ च्या अभ्यासक्रमात. भारतीय वैद्यकीय पदवीधराच्या पाच भूमिका त्यात होत्या. चिकित्सक, संवादक, आजन्म विद्यार्थी, व्यावसायिक, आणि पाचवी, खरं तर क्रमाने दुसरी, आरोग्यसेवेच्या गटाचा नेता आणि सदस्य. या ‘आणि’वर मी वर्गात बराच वेळ थांबते. एकाच श्वासात नेता आणि सदस्य म्हणणं हे भोर समितीपासूनच्या प्रवासाचं फळ आहे. वृत्ती, नीती आणि संवाद यांचे तासही आता पहिल्या वर्षापासून ठेवलेले आहेत. मुलं ते तास आवडीने करतात, हेही सांगायला हवं. नाटुकली बसवतात, रुग्ण होऊन पाहतात.

आणि मग ती वॉर्डात जातात. तिथे त्यांना दिसतं की रात्रीच्या ड्युटीवरच्या ज्युनिअर रेसिडेंटला शंका आली तरी तो सिनिअरला फोन करायला कचरतो, कारण मागच्या वेळी ‘एवढंही कळत नाही?’ असं ऐकून घ्यावं लागलं होतं. रक्तदाब घसरतोय हे आधी सिस्टरच्याच लक्षात आलेलं असतं, पण त्या फाइलमध्ये लिहून गप्प बसतात. इंटर्नने रक्ताचे नमुने पोचवले नाहीत तर तो ते पोचवलेत असं सांगतो. नेतृत्वाचा खरा अभ्यासक्रम हा आहे. तो छत्तीस-छत्तीस तास चालतो आणि मुलं त्यात नापास होत नाहीत. माझ्याच माजी विद्यार्थ्यांना मी पुढे आपापल्या आरोग्य केंद्रांत तसंच झापताना पाहिलं आहे. त्यांना दोष कोणत्या तोंडाने देऊ?

म्हणून दोन दिवसांच्या कार्यशाळांवर माझा विश्वास नाही. नेत्याचे पाच प्रकार आणि सात गुण पाठ करून कुणी बदलत नाही. सेवाग्रामला १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी तिथे राहते आणि वाटून घेतलेल्या कुटुंबांकडे पुढची वर्षं जात राहते. तिथून आलेल्या मुलांत मला एक फरक दिसतो. समोरची बाई बोलत असताना ती पेन खाली ठेवतात. हे भाषणाने येत नाही. वयाच्या अठराव्या वर्षी कुणाच्या तरी ओसरीवर बसून, आपल्याला काही येत नाही हे मान्य करत ऐकावं लागलं, म्हणून येतं.

मातामृत्यूची चौकशी करायला आम्ही बसतो, तेव्हा मी आता एक नियम पाळते. पहिल्यांदा आशाताई बोलतात, मग सिस्टर, मग इंटर्न, आणि सगळ्यांत शेवटी डॉक्टर. पहिली काही मिनिटं अवघड जातात. मग कुणीतरी म्हणतं, ‘मॅडम, खरं म्हणजे गाडीला डिझेलच नव्हतं.’ त्या वाक्यापासून चौकशी सुरू होते.

माझं मागणं मोठं नाही. बंधपत्रावर रुजू होणाऱ्या डॉक्टरला पहिले पंधरा दिवस शिक्का देऊ नका. त्याला उपकेंद्रावर सिस्टरांच्या हाताखाली पाठवा, लसीची बाटली उजेडात धरून पाहू द्या, आशाताईंबरोबर चार वाड्या चालू द्या, आणि पंधराव्या दिवशी त्या दोघींना विचारा की तुम्हाला या मुलाला अडचण सांगावीशी वाटते का. जिल्हा परिषदेला यासाठी नवा निधी लागत नाही. आणि ज्यांच्या युनिटमध्ये आज इंटर्न काम करत आहेत, त्या माझ्या सहकाऱ्यांनी उद्याच्या राऊंडला फक्त एवढं करावं. सगळ्यांत मागे उभ्या असलेल्या सिस्टरला पुढे बोलावून विचारावं, रात्री काय बिघडलं? आणि ती सांगेल ते उभ्या उभ्या, न चिडता, पूर्ण ऐकून घ्यावं.